फाउल लाइन फाउल नसते

सॉफ्टबॉलच्या मैदानावर होम प्लेटपासून निघून पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या कडेने थेट कुंपणापर्यंत जाणाऱ्या ज्या दोन रेषा फक्कीने आखलेल्या असतात, त्यांना 'फाउल लाइन' म्हणतात. या रेषा फाउल नाहीत. त्या फेअर प्रदेशाचाच भाग आहेत, असे नियम निःसंदिग्ध शब्दांत सांगतो. रेषेच्या टोकाला कुंपणाशी जो खांब उभा असतो तो 'फाउल पोल'. पण फटकावलेला चेंडू एकही टप्पा न पडता कुंपणाच्या उंचीवर त्या खांबाला लागला, तर तो फेअर ठरतो, आणि फलंदाजाला होमरन मिळते. बॅटला निसटता स्पर्श करून थेट कॅचरच्या हातात जाणारा आणि तिने झेललेला चेंडू 'फाउल टिप' म्हणून ओळखला जातो. तोही नियमाच्या भाषेत फाउल चेंडू नव्हे. फाउल चेंडू पडला की खेळ थांबतो, फाउल टिपनंतर तो चालू राहतो. तीन नावे, तिन्हींत 'फाउल', आणि तिन्ही ठिकाणी नाव एक सांगते तर नियम दुसरे.

मराठीच्या अध्यापकांनी या भानगडीत का पडावे, असा प्रश्न वाचकांस पडणे साहजिक आहे. आम्हा दोघांवर हे काम चालून आले. महाराष्ट्रात सॉफ्टबॉल हा खेळ शालेय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांमधून बराच रुजलेला आहे. वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर त्याला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्या महाविद्यालयात मुलींचा संघ आहे. त्यातील बहुतेक मुली मराठी माध्यमातून आलेल्या. नियमपुस्तिका मात्र इंग्रजीत, आणि तीही कायद्याच्या वळणाच्या इंग्रजीत. तेव्हा निदान फेअर आणि फाउल यांच्या व्याख्यांचा मराठी तर्जुमा करून द्यावा, असे शारीरिक शिक्षण विभागातील सहकाऱ्यांनी सुचवले. आठ-दहा कलमांचे काम, दोन दुपारींत संपेल, असा सर्वांचाच अंदाज होता. त्या आठ-दहा कलमांनी आम्हांला अर्थनिर्णयनाविषयी जे विचार करायला लावले, ते येथे मांडत आहोत.

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या पिढीला मुळात फाउल ही कल्पनाच परकी आहे. क्रिकेटमध्ये फलंदाजाला पूर्ण वर्तुळ मोकळे असते. चेंडू समोर मारा, बाजूला मारा, यष्टिरक्षकाच्या मागे सरकवा, धाव ती धावच. रणजितसिंहांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला लेग ग्लान्स हा तर चेंडूला त्याच्याच वेगाने मागे जाऊ देण्याचा प्रकार. सॉफ्टबॉलमध्ये (आणि ज्या बेसबॉलपासून तो निघाला त्यात) या फटक्याला स्थान नाही. तेथे फलंदाजाच्या वाट्याला वर्तुळाचा फक्त चतुर्थांश येतो: होम प्लेटच्या टोकाशी काटकोन, आणि त्याच्या दोन भुजा म्हणजे या दोन रेषा. या काटकोनाच्या आत फेअर, बाहेर फाउल.

इतके सोपे असते तर प्रश्नच नव्हता. पण 'आत' आणि 'बाहेर' हे चेंडू कुठे आहे यावर ठरते, आणि चेंडू सतत हलत असतो. तो आधी आत असतो, मग बाहेर जातो. कधी बाहेर पडून पुन्हा आत येतो. मग त्याच्या प्रवासातला कोणता क्षण प्रमाण मानायचा? नियमाने याचे जे उत्तर दिले आहे ते आमच्या मते फार सूक्ष्म आहे. होम प्लेटपासून पहिल्या वा तिसऱ्या बेसपर्यंतच्या पट्ट्यात चेंडूचा पहिला टप्पा कुठे पडला याला काहीही महत्त्व नाही. तो शेवटी कुठे थांबला, किंवा थांबण्यापूर्वी कोणी त्याला स्पर्श केला तर त्या क्षणी तो कुठे होता, एवढेच पाहायचे. टप्पे घेत बेस ओलांडून जाणारा चेंडू असेल, तर बेसजवळून जाताना तो रेषेच्या कोणत्या अंगाला होता हे पाहायचे. पुढे तो कुठेही भरकटो. आणि बेसच्या पलीकडे थेट हवेतून जाऊन पडणारा चेंडू असेल, तर तेथे पहिला टप्पा किंवा पहिला स्पर्श हाच निर्णायक. पडल्यावर तो घरंगळत बाहेर गेला तरी फेअर तो फेअर.

म्हणजे एकाच मैदानावर तीन निरनिराळे काळ नांदतात. प्लेटजवळ अखेरचा क्षण मोलाचा, बेसपाशी ओलांडण्याचा क्षण, आणि दूरवर पहिला क्षण. होम प्लेट ते बेस हे अंतर साठ फुटांचे. या साठ फुटांच्या अलीकडे 'अंत पाहा' हा नियम आणि पलीकडे 'आरंभ पाहा' हा नियम. 'चेंडू कुठे होता?' या प्रश्नाला 'केव्हा?' हे विचारल्याशिवाय उत्तर नाही, आणि 'केव्हा?' या प्रश्नाला 'मैदानाच्या कोणत्या भागात?' हे विचारल्याशिवाय.

हा नियम असा आकाशातून पडलेला नाही. एकोणिसाव्या शतकातील बेसबॉलमध्ये पहिला टप्पाच सर्वत्र निर्णायक होता. चेंडूचा पहिला स्पर्श आत झाला की तो फेअर, मग तो कुठेही जावो. चतुर फलंदाजांनी याचा फायदा घेतला. प्लेटपुढे रेषेच्या जरासा आत चेंडू असा आपटायचा की फिरकीमुळे तो लगेच बाहेर उडावा आणि क्षेत्ररक्षक धावत सुटावेत. या फटक्याचे नावच 'फेअर-फाउल' असे पडले होते. रॉस बार्न्स हा त्यातला उस्ताद. नॅशनल लीगच्या १८७६ च्या पहिल्या मोसमात त्याची सरासरी.४२९ होती. १८७७ च्या मोसमासाठी नियम बदलला आणि बेसच्या अलीकडे रेषेबाहेर गेलेला चेंडू फाउल ठरू लागला. त्या मोसमात बार्न्सची कामगिरी खालावली. नियमानेच त्याला संपवले अशी कथा पुष्कळदा सांगितली जाते, पण त्या वर्षी तो आजारीही होता, हे त्या कथेत सहसा येत नाही. असो. सॉफ्टबॉलचा जन्म त्यानंतर दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, शिकागो येथे एका सभागृहात झाला, आणि आज त्याच्या नियमांत जी व्याख्या आहे ती या बदललेल्या नियमाच्याच वंशातली आहे. आम्हांला यात लक्षणीय वाटते ते हे, की नियमकर्त्यांनी बार्न्सच्या हेतूवर बोट ठेवले नाही. 'फसवण्याच्या उद्देशाने मारलेला चेंडू' असे कलम करणे शक्य होते. तसे केले असते तर प्रत्येक फटक्यामागे पंचाला फलंदाजाच्या मनात शिरावे लागले असते. त्यांनी फक्त कोणत्या क्षणी पाहायचे ते बदलले.

विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये हेतूविषयक तर्कदोषाची चर्चा केली, ती आपल्या अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे आहे, आणि विद्यार्थी ती परीक्षेपुरती पाठ करतात. कवीला काय म्हणायचे होते हा कवितेच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, हे वाक्य लिहून झाल्यावर पुढच्याच प्रश्नात तेच विद्यार्थी 'कवीला येथे असे म्हणायचे आहे की' अशी सुरुवात करतात. सॉफ्टबॉलच्या मैदानावर मात्र याच वयाच्या मुली हा सिद्धान्त न शिकवता पाळतात. 'मला आत मारायचा होता' असे कोणतीही फलंदाज पंचाला सांगायला जात नाही.

पण हेतू काढून टाकला की उरते ते सारे वाचकाचे, असा जो निष्कर्ष हल्ली वर्गात सर्रास ऐकू येतो, तोही या नियमात टिकत नाही. फेअर-फाउलच्या कलमाखाली एक टीप आहे. चेंडू फेअर की फाउल हे चेंडू आणि रेषा यांच्या परस्परस्थितीवरून ठरवायचे. त्याला स्पर्श करणारी क्षेत्ररक्षक त्या वेळी कोणत्या प्रदेशात उभी आहे यावरून नव्हे. तिचे दोन्ही पाय बाहेर असोत, तिने हात लांबवून आतल्या चेंडूला स्पर्श केला तर चेंडू फेअर. दोन्ही पाय आत असोत, वाकून बाहेरच्या चेंडूला हात लावला तर फाउल. वाचक कुठे उभा आहे हे महत्त्वाचे आहेच. तो कुठे उभा आहे यावर त्याचा हात कुठवर पोहोचतो हे अवलंबून असते. परंतु पोहोचलेल्या हाताखाली चेंडू रेषेच्या कोणत्या अंगाला होता, हे त्याच्या पायांवरून ठरत नाही. वाचकनिष्ठ समीक्षेची अर्धी पुस्तके वाचून 'ज्याचा त्याचा अर्थ' म्हणणाऱ्यांनी ही टीप एकदा तरी वाचावी असे आम्हांस वाटते.

नावांच्या गोंधळाकडे पुन्हा वळू. पूर्वमीमांसेत अर्थनिश्चयाची सहा प्रमाणे सांगितली आहेत: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या. या सहांत विरोध आला तर आधीचे प्रमाण बलवान, नंतरचे दुर्बळ. श्रुती म्हणजे प्रत्यक्ष विधान, ते सर्वांत बलवान. समाख्या म्हणजे नाव, संज्ञा. ते सर्वांत दुर्बळ. यज्ञकर्मासाठी योजलेली ही उतरंड फाउल लाइनला अशी चपखल लागू पडते की आम्हांलाही मौज वाटली. रेषेचे नाव फाउल, ही समाख्या. रेषा फेअर प्रदेशात मोडते, हे नियमाचे प्रत्यक्ष विधान, ही श्रुती. दोहोंत विरोध, म्हणून नाव मागे सरते. नाव काय आहे यावरून वस्तू काय आहे हे ठरवू नये, हा धडा एरवी आपण दलित साहित्य, ग्रामीण साहित्य या संज्ञांच्या चर्चेत किती रक्त आटवून शिकवतो!

उत्सर्ग आणि अपवाद हेही येथे भेटतात. चेंडू पहिल्या किंवा तिसऱ्या बेसला लागला की फेअर. मग तो उसळून कुठेही जावो. पण पिचर जिच्यावर पाय ठेवून चेंडू टाकते त्या पट्टीला लागून कोणाचाही स्पर्श न होता बेसच्या अलीकडे बाहेर घरंगळला, तर फाउल. होम प्लेट ही फेअर प्रदेशातच आहे (ती फाउल असते असा समज अनेक खेळाडूंचा असतो), परंतु तिला चेंडू लागण्याने काहीच सिद्ध होत नाही; तो पुढे कुठे थांबतो ते पाहायचे. तिन्ही वस्तू जमिनीत बसवलेल्या, पण एकीचा स्पर्श निर्णय देतो आणि दोघींचा स्पर्श मातीच्या स्पर्शाइतकाच. पहिल्या बेसवर धडक टाळण्यासाठी जो जोडबेस ठेवतात त्यात तर एकाच गादीचा पांढरा अर्धा भाग फेअर आणि नारिंगी अर्धा फाउल प्रदेशात असतो. एक गादी, मध्ये शिवण, आणि शिवणीवर अर्थ बदलतो.

इतर खेळांच्या रेषांशी तुलना केली तर रेषा कोणाची हा प्रश्नही किती परंपरेने ठरतो हे दिसते. व्हॉलीबॉलमध्ये रेषेवर पडलेला चेंडू आत. फुटबॉलमध्ये संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषा ओलांडेपर्यंत तो आतच. क्रिकेटमध्ये मात्र क्रीझची रेषा फलंदाजाला आसरा देत नाही. बॅट नुसती रेषेवर असेल तर तो धावबाद. सीमारेषेच्या दोरालाही चेंडू नुसता टेकला की चौकार. अशा परंपरांना तर्काने सिद्ध करता येत नाही, पण त्या माहीत नसल्या तर खेळता येत नाही. 'गंगेवरची वस्ती' म्हटले की वस्ती पाण्यावर नसून काठावर आहे हे आपण लक्षणेने समजून घेतो. सॉफ्टबॉलमधला 'रेषेवरचा चेंडू' हा वाच्यार्थानेच घ्यायचा असतो. तो काठावर नाही. रेषेवर म्हणजे आत.

आता ज्या मुद्द्यासाठी हा सारा प्रपंच, त्याकडे येतो. सॉफ्टबॉलच्या नियमांत निषेध नोंदवण्याची तरतूद आहे. पंचाने नियमाचा चुकीचा अर्थ लावला किंवा चुकीचा नियम लावला, तर संघाला रीतसर निषेध नोंदवता येतो. मात्र तो पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वी. पंचाच्या केवळ निरीक्षणावर निषेध चालत नाही, आणि अशा न चालणाऱ्या बाबींचे उदाहरण देताना नियम नेमका फेअर की फाउल याचाच उल्लेख करतो. वरवर पाहता येथे दार बंद झाले. पण नीट वाचले तर तसे नाही. 'चेंडू रेषेच्या बाहेर होता' असे पंच म्हणाले, तर ते निरीक्षण. ते चुकले असले तरी अंतिम. 'चेंडू आत होता, पण क्षेत्ररक्षक बाहेर उभी होती म्हणून फाउल' असे पंच म्हणाले, तर ते अर्थनिर्णयन. आणि ते चुकीचे आहे.

दोन्ही वेळा पंचाच्या तोंडून निघणारा शब्द एकच असतो: फाउल. फरक आहे तो त्यामागच्या 'म्हणून' मध्ये. तो 'म्हणून' ओळखायचा तर नियमाची संहिता ठाऊक हवी. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आमच्यासमोर नेमके हेच घडले. तिसऱ्या बेसवरील खेळाडूचा पाय रेषेबाहेर होता, चेंडू रेषेच्या वीतभर आत होता, तिच्या हातमोज्याला लागून तो बाहेर उडाला. पंचांनी फाउल दिला आणि कर्णधाराने विचारल्यावर कारणही मोठ्याने सांगितले: तिचा पाय बाहेर होता. पंच प्रामाणिक होते, चेंडू आत असल्याचे त्यांनी नाकारलेही नाही. निषेधाला इतकी अनुकूल स्थिती क्वचितच मिळते. पण मुलींनी मान डोलावली, पिचरने पुढचा चेंडू टाकला, आणि त्याबरोबर निषेधाची मुदतही संपली. बेसवर आलेल्या दोघी परत पाठवल्या गेल्या. सामना एका धावेने गेला.

दुसरा प्रसंग याच्या उलट आहे. तिसऱ्या बेसच्या दिशेने चेंडू सावकाश घरंगळत निघाला. क्षेत्ररक्षकेने तो मुद्दाम उचलला नाही. बाहेर जाईल आणि फाउल ठरेल, असा तिचा हिशेब. चेंडू खरोखरच बाहेर गेला. प्रेक्षकांतून 'फाउल, फाउल' असा गिल्ला झाला आणि फलंदाज जागीच थांबली. तेवढ्यात चेंडू एका ढेकळाला अडखळून वळला आणि परत येऊन नेमका फक्कीवर बसला. पंच काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त आतल्या बाजूला बोट दाखवले. क्षेत्ररक्षकेने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि फलंदाज बाद झाली. येथे पंचांचा निर्णय अचूक होता. ढेकूळ हा जमिनीचाच भाग, म्हणून चेंडू त्याला लागल्याने फाउल ठरत नाही. बाहेर पडलेल्या एखाद्या पाण्याच्या बाटलीला किंवा चपलेला तो लागला असता तर गोष्ट निराळी. आणि फाउल हा ओरडून सांगायचा, फेअर हा मौनाने दाखवायचा, असा संकेत आहे. पंचाचे मौन म्हणजे 'खेळ चालू आहे'. त्या मुलीने प्रेक्षकांचा आवाज ऐकला. पंचाचे मौन तिला वाचता आले नाही, कारण ते वाचायचे असते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

नियम मराठीत हवेत, या म्हणण्याला जे आक्षेप येतात त्यांतला सर्वांत जोरकस असा: नियम वाचून कोणी खेळ शिकत नाही. मैदानावर उतरले की अंगवळणी पडते. या आक्षेपामागे मोठी वैचारिक पुण्याई उभी करता येते. स्टॅन्ली फिश यांनी १९८७ च्या एका निबंधात डेनिस मार्टिनेझ या बेसबॉलपटूचे उदाहरण घेऊन असे दाखवले, की जो खेळाडू खेळाच्या आत पुरता मुरलेला आहे त्याला प्रशिक्षकाचे सूत्र काही नवीन सांगत नाही. व्यवहार सिद्धान्तावर चालत नाही. मार्टिनेझपुरते हे आम्हांस मान्य आहे. पण मार्टिनेझ बेसबॉलच्याच जगात वाढलेला, त्यातच पिकलेला. आमच्या मुली शाळेत खो-खो आणि कबड्डी खेळून आलेल्या, सॉफ्टबॉलची बॅट त्यांनी बहुधा अकरावीत प्रथम हातात घेतलेली. शिवाय अंगवळणी पडलेले ज्ञान खेळायला पुरते, हरकत घ्यायला पुरत नाही. हरकत घ्यायची तर 'असे असते' म्हणून भागत नाही, 'असे लिहिले आहे' म्हणावे लागते.

दुसरा आक्षेप असा, की शेवटी पंच म्हणतील तेच खरे, मग संहितेचा उपयोग काय? याला एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ सालीच उत्तर देऊन ठेवले आहे. गुणलेखकाचा निर्णय अंतिम असतो, परंतु म्हणून 'गुणलेखक म्हणेल ते गुण' हा त्या खेळाचा नियम होत नाही. तसे झाले तर तो खेळच वेगळा होईल. अंतिम असणे आणि अचूक असणे यांत अंतर आहे, आणि त्या अंतरातच निषेधाच्या कलमाला जागा मिळते. आपल्या उत्तरपत्रिका तपासणीतही हेच अंतर आहे, पण तेथे परीक्षकाच्या 'म्हणून' ची नोंद होत नाही. पाच गुण का दिले हे पंच निदान विचारले तर सांगतात.

तर्जुमा करताना आम्ही पहिला निर्णय घेतला तो 'फेअर' आणि 'फाउल' हे शब्द न बदलण्याचा. 'योग्य चेंडू' आणि 'अयोग्य चेंडू' हा पर्याय एका सहकाऱ्याने सुचवला होता. आम्हांला तो घातक वाटला. मराठीत फाउल म्हणजे आगळीक. फुटबॉलमध्ये कोणी पाय अडकवला की फाउल. सॉफ्टबॉलच्या फाउल चेंडूत कोणी काही वावगे केलेले नसते. चेंडू बाहेर गेला, इतकेच. झेल न घेतला गेल्यास धावपटू आपापल्या बेसवर परत जातात, दोन स्ट्राइक झाल्या नसतील तर एक स्ट्राइक चढते, आणि सारे पुन्हा पूर्ववत. 'अयोग्य' म्हटले की त्यात दोष शिरतो. 'फेअर' चे तर आपल्याकडे आणखी वेगळे हाल: रफ वहीनंतरची फेअर वही, फेअर रंगाची वधू. या सगळ्या सावल्या 'योग्य' या शब्दात येत नाहीत हे खरे, पण 'योग्य' स्वतःची नैतिक सावली घेऊन येतो. परका शब्द येथे अधिक निरुपद्रवी ठरतो.

'ऑन ऑर ओव्हर' या जोडीने एक दुपार खाल्ली. जमिनीवर टेकलेला आणि जमिनीच्या वर हवेत असलेला, या दोन्ही स्थितींना मराठीचा 'वर' चालतो, आणि नियमाला तर दोन्ही वेगळ्याने सांगायच्या आहेत. शेवटी 'फेअर भूमीला टेकलेला किंवा तिच्यावरच्या हवेत असलेला' असे जरा लांबट रूप पत्करले. पंडिती वळण टाळायचे म्हणून 'प्रदेश' खोडून 'भूमी' केले. तेही पुरेसे साधे नाही हे कबूल.

खरी अडचण मात्र चेंडू थांबण्याच्या क्रियापदाची आहे. 'थांबतो' पुरेसे नाही, कारण चेंडू क्षणभर थांबून पुन्हा घरंगळू शकतो. आम्ही 'स्थिरावतो' असे लिहिले होते. मसुदा संघासमोर वाचला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, चेंडू स्थिरावत नाही हो, तो बसतो." गाळ तळाशी बसतो, उडालेली धूळ खाली बसते, तसा. शब्द इतका नेमका होता की आम्ही तो लगेच मसुद्यात घातला. तेव्हा शेजारची म्हणाली, "पण पंचांना चेंडू बसला म्हणजे?" मराठीत चेंडू बसला म्हणजे अंगावर लागला, असाही अर्थ होतो, आणि फेअर भूमीत पंचाच्या अंगाला लागलेला चेंडू हे तर याच व्याख्येतले वेगळे कलम. सध्या मसुद्यात 'येऊन बसतो' आणि 'लागतो' अशी वाटणी केली आहे. पहिलीला ती पटली आहे, दुसरीला अजून पटलेली नाही.